बाबांचं नाव लागलेलं गाणं

पडद्यावर अजून कोणी वाजवायला लागलेलं नसतं, तरी सूर सुरू झालेला असतो. ऑर्गनचे बारीक, घाईघाईचे, एकमेकांच्या पायांत पाय अडकवत पळणारे सूर. मंचावर चौघे आहेत, पण त्या आवाजाला त्यांच्यापैकी कोणाचाही हात लागलेला नाही. तो आधीच टेपवर भरून आणलेला आहे. दिवस 25 मे 1978, जागा लंडनजवळचा शेपर्टन स्टुडिओ, समोर मुद्दाम बोलावलेले प्रेक्षक आणि मंचावर ‘द हू’ हा इंग्लिश रॉक बँड. गाण्याचं नाव ‘बाबा ओ'रायली’. ज्या चित्रपटासाठी हे चित्रण चाललं होतं तो ‘द किड्स आर ऑलराइट’ 1979 साली पडद्यावर आला. त्याच्यावर जीव टाकणारी माणसं तेव्हापासून कमी झालेली नाहीत. त्या वेळी जन्मलीही नव्हती अशी पोरं आज हे दृश्य मोबाइलवर शोधून काढतात आणि पाहून झालं की पुन्हा पहिल्यापासून लावतात.

गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे आपल्या अरणगावचे मेहेरबाबा.

आमच्या तिसगावहून करंजीचा घाट ओलांडून नगर गाठायचं आणि तिथून दौंड रस्ता धरायचा, की अरणगाव येतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण एसटीत बसणारा माणूस अजून ‘नगर’च म्हणतो. अरणगावाजवळून रेल्वेचे रूळ जातात. त्यांच्या एका अंगाला खालचं मेहेराबाद, दुसऱ्या अंगाला टेकडी आणि टेकडीवर बाबांची समाधी. 31 जानेवारीला बाबांची अमरतिथी, म्हणजे पुण्यतिथी असते. तेव्हा आंध्रातून, उत्तरेतून, अमेरिकेतून, इंग्लंडातून माणसं येतात. आमच्याकडची यात्रा म्हणजे मढीच्या कानिफनाथांची, होळीपासून पाडव्यापर्यंतची. त्या गर्दीत वाढलेल्या माणसाला मेहेराबादची गर्दी फार शांत वाटते. समाधीवर सकाळ-संध्याकाळ आरती होते. आरतीनंतर ज्याला वाटेल तो आपल्या भाषेत गाणं म्हणतो, आणि एखाद्या गोऱ्या माणसाच्या गळ्यात गिटार दिसली तर तिथे कोणाला नवल वाटत नाही. 1969 साली बाबांना समाधी दिली तेव्हा कोल पोर्टरचं ‘बिगिन द बिगीन’ हे गाणं तबकडीवर लावलं होतं. ते बाबांच्या आवडीचं गाणं. तेव्हा पाश्चात्त्य सूर या टेकडीला नवा नव्हताच.

मेहेरबाबा म्हणजे पुण्यात 25 फेब्रुवारी 1894 रोजी जन्मलेले मेरवान शेरियार इराणी. हजरत बाबाजान आणि साकोरीचे उपासनी महाराज यांच्या सहवासातून ते घडले. 10 जुलै 1925 पासून त्यांनी मौन धरलं. आधी अक्षरफलकावर बोट ठेवून ते आपलं म्हणणं सांगत. 1954 मध्ये तो फलकही सोडला, मग उरल्या नुसत्या हाताच्या खुणा. 31 जानेवारी 1969 ला पिंपळगाव माळवीजवळच्या मेहेराझादला त्यांनी देह ठेवला, तोवर त्रेचाळीस वर्षं उलटून गेली होती. एवढी वर्षं हा माणूस बोलला नाही.

आता दुसरी बाजू पाहा. 31 मे 1976 ला लंडनच्या चार्लटन फुटबॉल मैदानावर ‘द हू’चा कार्यक्रम झाला. ध्वनिवर्धकांपासून 32 मीटरवर आवाज मोजला, तो 126 डेसिबल भरला. जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. अशा बँडच्या सर्वांत लाडक्या गाण्यावर त्रेचाळीस वर्षं मौनात राहिलेल्या माणसाचं नाव आहे. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. त्या पाच मिनिटांच्या दृश्यात या दोन्ही गोष्टी समोरासमोर उभ्या राहिलेल्या दिसतात. चाहते त्यात का गुंतून पडतात, याचं उत्तर मला तिथेच सापडतं.

बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार पीट टाउनशेंड. माइक मॅकिनर्नी या चित्रकार मित्राकडून त्याच्या कानावर मेहेरबाबांचं नाव पडलं. प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. बाबा गेल्यावर चार महिन्यांनी, मे 1969 मध्ये, ‘टॉमी’ हा ध्वनिमुद्रिकांचा संच आला. त्याचा नायक आंधळा, बहिरा आणि मुका मुलगा. संचावरच्या श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे. पुढे 1972 साली टाउनशेंड स्वतः समाधीवर येऊन गेला. त्याच वर्षीच्या त्याच्या एकट्याच्या संचात ‘परवरदिगार’ नावाचं गाणं आहे, ते बाबांनी दिलेल्या प्रार्थनेवरून केलेलं. हा माणूस मंचावर गिटारी फोडायचा, तरी त्याची भक्ती दिखाऊ नव्हती. बाबांनी नशेच्या गोळ्यांना ठाम विरोध केला होता. 1966 साली ‘गॉड इन अ पिल?’ ही पुस्तिका त्याच विषयावर निघाली. टाउनशेंडने ते मानलं आणि त्या गोळ्या सोडल्या. साठच्या दशकातल्या रॉक कलावंताने असं करणं म्हणजे घरातल्यांशीच वैर घेणं होतं.

गाणं ऐकताना हे ध्यानात असावं. चाहते ते मुठी उंचावून, घसा फोडून, सणाचं गाणं असल्यासारखं म्हणतात. त्यातल्या ध्रुवपदाचे शब्द इतके तोंडी बसले आहेत की पुष्कळांना तेच गाण्याचं नाव वाटतं. मुळात ती खंत आहे. वुडस्टॉकसारख्या महोत्सवांत टाउनशेंडने नशेत आडवी पडलेली पोरं पाहिली, मागे उरलेला उकिरडा पाहिला, आणि वाया चाललेल्या त्या तरुणपणाची हळहळ गाण्यात आली. पोरांना ती हळहळही आपलीच वाटली. आपल्यावर कोणी रागावलंय, पण त्या रागात आपल्याला टाकून दिलेलं नाही, हे पोरांना बरोबर कळतं.

हे गाणं ‘लाइफहाउस’ नावाच्या एका मोठ्या बेतातलं. त्या बेतातून चित्रपट निघायचा होता, तो निघाला नाही. टाउनशेंडची त्यात पार दमछाक झाली. उरलेल्या गाण्यांतून 1971 च्या ऑगस्टमध्ये ‘हूज नेक्स्ट’ हा संच झाला आणि त्यातलं पहिलं गाणं म्हणून ‘बाबा ओ'रायली’ आलं. मूळ कथेत स्कॉटलंडचा एक शेतकरी आहे. परागंदा झालेल्या मुलीच्या शोधात तो बायकोला आणि उरलेल्या पोरांना घेऊन लंडनच्या वाटेला लागतो. गाण्याची सुरुवात त्याच्या रानात होते. आमच्या पाथर्डी तालुक्यात दसरा झाला की ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. भांडीकुंडी, शेळ्या, लहान पोरं गाडीत चढतात आणि गावं अर्धी रिकामी होतात. स्कॉटलंडच्या शेतकऱ्याचं दुःख निराळं आणि आमच्या ऊसतोड कामगारांचं निराळं, हे मला कळतं. तरी रान मागे टाकून कुटुंबासह रस्त्याला लागलेला माणूस गाण्याच्या तोंडाशीच उभा आहे, हे कळल्यापासून ते मला परक्या मुलखातलं राहिलेलं नाही.

आता त्या ऑर्गनकडे येऊ. पुष्कळ जण त्याला सिंथेसायझर समजतात. तो लोरी कंपनीचा घरगुती ऑर्गन होता. त्यात एक सोय होती: पट्टी दाबून धरली की सूर आपोआप तुटक तुटक, ठरावीक गतीने उमटत राहायचा. टाउनशेंडच्या डोक्यात मूळ कल्पना फार धाडसी होती. मेहेरबाबांच्या व्यक्तिमत्त्वाची माहिती यंत्रात भरायची आणि त्यातून निघेल ते संगीत म्हणजे बाबांचं स्वरचित्र. ते काही तसं झालं नाही. पण नावात ‘बाबा’ राहिले आणि त्यांच्या शेजारी ‘ओ'रायली’ आलं, ते अमेरिकी संगीतकार टेरी रायली यांच्यावरून. लहानशी स्वरावली सतत घोळवत ठेवायची आणि तिच्यातच बारीक बारीक बदल होत जाताना ऐकायचे, ही रायलींची वाट. हेच रायली 1970 साली पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, म्हणजे मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव ज्या घराण्यात आदराने घेतलं जातं त्या घराण्याचे. एकच स्वर न कंटाळता लावून बसण्याची किराण्याची शिस्त रायलींनी पुढे अनेक वर्षं गुरूसमोर बसून घेतली. एका गाण्याच्या नावात अरणगावचे बाबा आणि किराण्याचा हा अमेरिकी शिष्य शेजारी शेजारी बसलेले आहेत.

स्वरावलीवर तीनच स्वरसंगती येतात: षड्जाची, पंचमाची, मध्यमाची. अख्खं गाणं बहुतेक या तिघींवरच उभं आहे. ज्याने गावात सप्ताह पाहिला आहे त्याला हे चटकन उमगेल. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलतो, वीणेकरी बदलतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि वाजत राहते. बाकी सगळं, कीर्तन, हरिपाठ, काकडा, जेवणावळी, तिच्याभोवती होतं. ‘बाबा ओ'रायली’मधला ऑर्गन तसा आहे. तो थकत नाही, चिडत नाही, कोणासाठी थांबत नाही. त्या यंत्राच्या सुरात मला बाबांचं मौन ऐकू येतं. सुराला मौन म्हणणं विचित्र वाटेल, पण दृश्य पाहताना ते पटत जातं. चौघांनी कितीही आरडाओरडा केला तरी त्या सुरावर ओरखडासुद्धा उमटत नाही.

आणि चौघे काय करतात पाहा. उजव्या-डाव्या हातांची बोटं सोडली तर जॉन एन्टविसल जवळजवळ हलत नाही. चेहरा मख्ख, खांदे स्थिर, आणि बोटं मात्र बासच्या तारांवर अशी पळतात की दुसऱ्या बँडमध्ये तेवढ्यावर दोघांचं काम भागावं. रॉजर डाल्ट्री शब्द पुढे फेकतो. तो गाण्यातला शेतकरी होतो, छाती काढून उभा राहतो. मध्येच ठेका मागे सरतो आणि टाउनशेंड स्वतः गातो, त्याच्या पातळ, किंचित कापऱ्या आवाजात. डाल्ट्रीच्या भरदार आवाजानंतर तो आवाज येतो तेव्हा मोठ्या भावानंतर धाकट्याने धीर करून बोलावं तसं वाटतं. रॉकमध्ये इतकं उघडं, इतकं विनवणीचं गाणं क्वचित ऐकायला मिळतं. लगेच गिटार पुन्हा आदळते, टाउनशेंडचा उजवा हात अख्खा गोल फिरून तारांवर येतो, आणि विनवणी गर्जनेखाली बुडून जाते. शेवटी मूळ ध्वनिमुद्रिकेत व्हायोलिन आहे, डेव्ह आर्बसने वाजवलेलं. मंचावर तिथे डाल्ट्री माउथ ऑर्गन तोंडाला लावतो. लय वाढत जाते. व्हायोलिनच्या जागी श्वासावर चालणारं वाद्य आल्यामुळे मला हा शेवट मुद्रिकेहून जास्त भावतो. माणसाची दमछाक ऐकू येते, आणि ती ऐकू यायलाच हवी.

चौथा कीथ मून. माझी नजर दर वेळी त्याच्यावर जाऊन थांबते. मून ठेका धरणारा वादक नव्हता. तो गाणाऱ्याच्या ओळीला ओळ देत वाजवायचा, ताल सांभाळण्याऐवजी तालाशी झटायचा. अशा माणसाला टेपवरच्या यंत्राशी बांधून घ्यायचं म्हणजे केवढी शिक्षा! कानाला हेडफोन लावून तो ते सूर ऐकतो आणि त्यांच्या चौकटीत राहून धुमाकूळ घालतो. 1978 चा मून सुटलेला, सुजलेला आहे. दारू आणि गोळ्यांनी शरीराचं काय केलं आहे ते लपत नाही. तरी काठ्या खाली यायच्या त्या येतात. एखादं वळण त्याला उशिरा सापडतं, मग तो ते भरून काढण्यासाठी सगळे ढोल एका दमात ओलांडतो. त्या उशिरात आणि त्या भरून काढण्यात माझा जीव अडकतो.

चित्रपट करणारा जेफ स्टाइन हा अमेरिकेतला, विशीतला एक चाहता. बँडच्या छायाचित्रांचं एक पुस्तक त्याने केलं होतं. चित्रपटाचा अनुभव शून्य. 1975 साली तो कल्पना घेऊन टाउनशेंडकडे गेला तेव्हा आधी नकारच मिळाला. मग त्याने जुन्या चित्रफितींचे सतराएक मिनिटांचे तुकडे जोडून बँडला दाखवले, आणि स्वतःला पडद्यावर पाहून ही मंडळी हसून लोळली. तिथे होकार आला. स्टाइनने दोन वर्षं दूरचित्रवाणी केंद्रांची कपाटं धुंडाळली, चाहत्यांनी घरी काढलेल्या फिती मिळवल्या, काही तुकडे तर कचऱ्यात जाता जाता वाचवले. नवं चित्रण हवं म्हणून डिसेंबर 1977 मध्ये किलबर्नला कार्यक्रम चित्रित केला. बँडने बरेच दिवस एकत्र वाजवलेलं नव्हतं, ते जमलं नाही. त्याने ते बाजूला ठेवलं आणि शेपर्टनचा घाट घातला.

त्याच सुमारास, 1978 साली, मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द लास्ट वॉल्ट्झ’ आला. तो उस्तादाचा चित्रपट. प्रकाश, कॅमेरे, मुलाखती, सगळं तोलून मापून. स्टाइनचा तसा नाही. त्यात निवेदक नाही, सनावळ्या नाहीत, कोण कधी जन्मला आणि कुठे शिकला याचा पत्ता नाही. ज्याला बँडची ओळख नाही तो पहिली वीसेक मिनिटं गोंधळतो, हा त्यातला दोषच म्हणायचा. ‘बीटल्स’चा ढोलवादक रिंगो स्टार आणि मून यांच्या गप्पाही जरा लांबल्या आहेत. पण चाहत्याच्या मनात आवडत्या माणसांच्या आठवणी सनावळीने लागत नाहीत. 1967 च्या शेजारी 1978 येतं, त्यानंतर 1965. स्टाइनने तीच रचना पडद्यावर ठेवली, आणि मूनच्या बाबतीत ती काळजाला हात घालते. सुरुवातीलाच 1967 चा अमेरिकी दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम आहे. मूनने ढोलात प्रमाणाबाहेर स्फोटक दारू ठासलेली, स्फोट होतो, टाउनशेंडचे केस होरपळतात. तिथे मून एकवीस वर्षांचा, चुणचुणीत, डोळ्यांत खोडी मावत नाही असा. पुढे कधीही, कुठल्याही वळणावर, दमलेला मून समोर येतो आणि लगेच पुन्हा तो पोरगा. क्रमाने दाखवलं असतं तर ऱ्हासाची कहाणी झाली असती. इथे दोघे एकाच घरात राहतात.

हा चित्रपट कच्च्या रूपात मूनने पाहिला होता. दहाबारा वर्षांत आपलं काय झालं ते त्याला दीड-दोन तासांत दिसलं आणि तो हादरला. त्यानंतर आठवड्याभरातच, 7 सप्टेंबर 1978 ला तो गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. स्टाइनने त्याच्या मृत्यूनंतर चित्रपटात श्रद्धांजली घुसडली नाही, काळी चौकट लावली नाही. जे होतं ते तसंच ठेवलं. या एका निर्णयासाठी मी त्याला मोठा दिग्दर्शक मानतो. मून पडद्यावर गेलेला नाही. तो वाजवतोच आहे.

शेपर्टनलाच ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ हे गाणंही चित्रित झालं. आधीचा प्रयत्न स्टाइनच्या मनासारखा झाला नव्हता. त्याने आणखी एकदा वाजवा म्हणून गळ घातली, टाउनशेंड आधी तयार नव्हता, आणि मग जे झालं ते चित्रपटात आहे. लेझरच्या किरणांत पुन्हा एकटा यंत्राचा सूर, मूनचा एकाएकी कोसळणारा तोडा, डाल्ट्रीची किंकाळी, गुडघ्यांवर घसरत आलेला टाउनशेंड. गाणं संपतं तेव्हा मून आपल्या ढोलांवरून चढून पुढे येतो आणि टाउनशेंड त्याला मिठीत घेतो. प्रेक्षकांसमोर मूनने बँडबरोबर वाजवलेलं ते शेवटचं.

2003 साली चित्रपट स्वच्छ करून, आवाज नव्याने बसवून, कापलेले भाग परत जोडून निघाला. पाहायचा असेल तर तो पाहावा, आणि चांगले हेडफोन लावून पाहावा. एन्टविसलची बोटं मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू येत नाहीत.

रिंगोबरोबरच्या ज्या गप्पांना मी लांबलेल्या म्हटलं, त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. रिंगोचा मुलगा झॅक लहान असताना मूनने त्याला ढोलांचा संच दिला होता. 1996 पासून ‘द हू’च्या मंचावर मूनच्या जागी झॅक बसू लागला. 12 ऑगस्ट 2012 ला लंडन ऑलिंपिकचा समारोप ‘द हू’ने केला. जगभरातली कोट्यवधी माणसं समोर होती, आणि पहिलं गाणं होतं ‘बाबा ओ'रायली’. ऑर्गन सुरू झाला, टाउनशेंडचा हात गोल फिरला, आणि ढोलांवर झॅक होता.